जेडेड
सगळे पाहून-भोगून झाल्यावर उरणारा, कशावरच विश्वास न बसू देणारा थकवा. 14व्या शतकातील इंग्रजीत ‘जेड’ म्हणजे राबून निकामी झालेला घोडा; 16व्या शतकाच्या अखेरीपासून ‘जेडेड’ हे विशेषण रूढ झाले आणि माणसालाही लागू होऊ लागले. हिरव्या जेड खड्याचे नाव स्पॅनिशमधून आलेले. त्याचा इथे संबंध नाही. ‘निराश’ हा प्रतिशब्द तोकडा पडतो, कारण निराशेत मोडलेली आशा अजून ताजी असते. ‘विटलेला’ अधिक नेमका. मराठीत ‘विटणे’ हे क्रियापद रंगालाही चालते आणि मनालाही. सोलापूरसारख्या चादरींच्या आणि पूर्वी गिरण्यांच्या गावात त्याचा पहिला अर्थ रोजच्या वापरातला: धुऊन धुऊन कापडाचा रंग विटतो. अतिपरिचयाने मन विटते, ते त्याच अर्थाने.