जुनी गाडी, गेलेलं टोकन आणि तीनदा नाकारलेला पेपर

नवी गाडी घेतली की आपण चाकाखाली लिंबू ठेवतो आणि पुढे लिंबू-मिरची बांधतो. अमेरिकेत मात्र 'लेमन' म्हणजे फसवी निघालेली गाडी, बाहेरून चकाचक आणि घेतल्यावर डोक्याला ताप. या एका शब्दावरून अर्थशास्त्रातला एक फार गाजलेला पेपर लिहिला गेला. आजची पोस्ट त्या पेपरच्या इतिहासाबद्दल आहे. सुरुवात मात्र माझ्या दहा हजार रुपयांपासून करते, कारण ते बुडाले नसते तर रसायनशास्त्रवाली मी या पेपरच्या वाटेला गेलेच नसते.

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी लॅबमधून रात्री उशिरा घरी जायची सोय म्हणून जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. फेलोशिपमधून साठवलेले पैसे, बजेट दोन लाख. एका डीलरकडे अकरा वर्षं जुनी हॅचबॅक होती. "मॅडम, डॉक्टरांची गाडी आहे. सिंगल ओनर. फक्त रविवारी बाहेर काढायचे." मीटरवर ४८ हजार किलोमीटर. मी तिथल्या तिथे दहा हजार टोकन दिलं. दुसऱ्या दिवशी बाबांना दाखवायला नेलं. त्यांनी बॉनेट उघडलं तर आत ऑइल बदलल्याचा मळका स्टिकर: तारीख दोन वर्षांपूर्वीची, किलोमीटर ७१ हजार. डीलर म्हणाला, "दुसऱ्या गाडीचा चिकटला असेल." टोकन परत मिळालं नाही. मी पावतीच घेतली नव्हती.

लॅबमध्ये केमिकलची बाटली आली की मी आधी बॅच नंबर आणि शुद्धतेचं सर्टिफिकेट बघते. इथे सगळी भिस्त "डॉक्टरांची गाडी" या दोन शब्दांवर ठेवली होती. असं का होतं, हे शोधताना अकरलॉफ सापडले.

'हा काय संशोधनाचा विषय आहे?'

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९६६ मध्ये एमआयटीतून पीएच.डी. केली आणि बर्कलेला शिकवायला लागले. त्यांच्या डोक्यातला मूळ प्रश्न मोठा होता: नव्या गाड्यांची विक्री वर्षागणिक इतकी वरखाली का होते? त्यातून एक छोटा प्रश्न निघाला. लोक चांगली जुनी गाडी घ्यायची सोडून नवीच का घेतात?

उत्तर समजायला सोपं गणित घेऊ (आकडे माझे). बाजारात निम्म्या गाड्या चांगल्या, चार लाखांच्या. निम्म्या खराब, दोन लाखांच्या. कोणती कुठली हे विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सरासरी धरून तीन लाख देईल. पण चांगल्या गाडीचा मालक म्हणेल, चार लाखांची वस्तू तीनला कशाला देऊ? तो बाजारातून निघून जातो. उरतात खराब गाड्या. हे कळलं की भाव दोन लाखांवर येतो. म्हणजे प्रामाणिक माणसाला बाजारात जागाच राहत नाही. हे कोणी एक डीलर वाईट आहे म्हणून होत नाही. दोघांना असलेल्या माहितीत फरक आहे, एवढंच त्याला पुरतं.

अकरलॉफ यांनी १९६७ मध्ये हा पेपर पाठवायला सुरुवात केली. पहिल्या जर्नलने सांगितलं, विषय फारच किरकोळ आहे. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याच्या रिव्ह्यूअरांचा आक्षेप उलटा होता: हे खरं असेल तर वेगवेगळ्या दर्जाच्या मालाचा व्यवहारच होणार नाही, आणि तो तर रोज होतो, म्हणजे पेपर चुकीचा. एकाच लेखनाला कोणी 'क्षुल्लक' म्हणतं आणि कोणी 'अशक्य'. तुमचा पहिला पेपर रिजेक्ट होईल तेव्हा हे आठवा. शेवटी १९७० च्या ऑगस्टमध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'ने तो छापला. जेमतेम तेरा पानं. त्यासाठी २००१ चं नोबेल मिळालं, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत.

आपल्याशी त्याचा एक थेट धागाही आहे. १९६७-६८ हे वर्ष अकरलॉफ दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. छापलेल्या पेपरात गाड्यांइतकीच भारतीय उदाहरणं भेटतात: गावातला सावकार आणि त्याचा चढा व्याजदर, आणि बाजारातून आणलेल्या तांदळातले मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसलेली गृहिणी. आपली आजी सुपात तांदूळ घेऊन जे करायची, तेच मी त्या डीलरकडे करायला हवं होतं.

तोंडाची वाफ आणि पुरावा

मग तिसऱ्या जर्नलच्या रिव्ह्यूअरांचं काय? जुन्या गाड्या रोज विकल्या जातातच की. अकरलॉफ यांनी पेपरातच सांगितलं होतं की गॅरंटी, ब्रँडचं नाव, परवाने अशा गोष्टी ही दरी बुजवायला उभ्या राहतात. पुढे स्पेन्स यांनी दाखवलं की ज्याला माहिती आहे तो ती पटवण्यासाठी खुणा देतो, पण खूण तीच कामाची जी खोट्या माणसाला परवडत नाही. स्टिग्लिट्झ यांनी दुसरी बाजू घेतली: ज्याला माहिती नाही तो समोरच्यापुढे असे पर्याय ठेवू शकतो की त्याच्या निवडीतूनच खरं बाहेर पडेल.

१९८२ मध्ये एरिक बाँड यांनी अमेरिकेतल्या पिकअप ट्रकांची आकडेवारी तपासली. जुने म्हणून घेतलेले ट्रक नवे म्हणून घेतलेल्यांपेक्षा जास्त दुरुस्ती मागतात असं त्यांना दिसलं नाही. याचा अर्थ अकरलॉफ खोटे, असा घाईने काढू नका. दरी बुजवणाऱ्या गोष्टी काम करतात, असाही त्याचा अर्थ लागतो. मात्र दहा-बारा वर्षांच्या गाडीवर कंपनीची वॉरंटी उरलेली नसते. तिथे दरी आपल्यालाच बुजवावी लागते.

कायदा ती बुजवेल का? अमेरिकेचा अनुभव बघा. मीटर मागे फिरवणं तिथे १९७२ च्या कायद्याने देशभर बेकायदा ठरलं. १९८१ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की डीलरने त्याला माहीत असलेले मोठे दोष लिहून सांगावेत. १९८२ मध्ये काँग्रेसने तो रद्द केला. रद्द करण्याची ती पद्धतच घटनाबाह्य असल्याचा निकाल १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टात कायम झाला. तरीही १९८४ मध्ये नियम पुन्हा आला तेव्हा दोष सांगण्याचं कलम त्यात नव्हतंच. उरला तो गाडीच्या काचेवर लावायचा कागद: वॉरंटी आहे की गाडी 'जशी आहे तशी' विकली जातेय. त्याच कागदावर सल्ला असतो की तोंडी वचनं लिहून घ्या आणि आपल्या मेकॅनिकला गाडी दाखवता येईल का ते विचारा. म्हणजे एवढ्या लढाईनंतरही शेवटचं काम घेणाऱ्याकडेच राहिलं.

आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाचं अधिकारपत्र लागतं. ते जरूर मागा. पण ते डीलरबद्दल सांगतं, इंजिनबद्दल नाही.

दुसऱ्या वेळी मी काय केलं

एकच कसोटी ठेवली: समोरचा जे सांगतोय ते खोटं निघालं तर त्याचं काही जाणार आहे का? जाणार नसेल तर ती माहिती नाही, नुसतं बोलणं.

१. गाडी माझ्या मेकॅनिककडे नेऊ द्या, असं आधीच विचारलं. दोघांनी नाही म्हटलं, तिथूनच परत फिरले.

२. गाडी थंड असताना बघितली. आधीच सुरू करून ठेवलेल्या इंजिनात सकाळची कुरकुर ऐकू येत नाही.

३. मीटर एकटा धरला नाही. सर्व्हिस सेंटरची जुनी बिलं, पेडलच्या रबराची झीज, स्टिअरिंग, सीट हे सगळं एकमेकांशी जुळतं का ते पाहिलं. टायरवरचे चार अंकही वाचले: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर ३० हजार आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले, तर प्रश्न विचारायलाच हवा.

४. आरसीवर कितवा मालक, चासी नंबर जुळतो का, कर्जाची नोंद आहे का हे बघितलं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणून किती वर्षं उरली तेही मोजलं.

५. टोकन पावतीवर, आणि पावतीवर लिहून घेतलं: तपासणीत मोठा दोष निघाला तर पैसे परत. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० कोण, कधी भरणार, तेही.

तिसरा डीलर म्हणाला, "न्या ताई, फक्त तासाभरात आणा." मेकॅनिकदादांनी क्लच संपत आल्याचं सांगितलं. डीलरने कुरकुर केली, पण किंमत बारा हजारांनी उतरवली. ती गाडी आज विभागाच्या पार्किंगमध्ये उभी आहे. चांगली चालते. एसी मात्र अधूनमधून रुसतो, आणि तेही त्याने आधी सांगितलं होतं.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहीत असाल. दोन गोष्टी सोबत घ्या. प्रश्न किरकोळ वाटतो म्हणून टाकून देऊ नका. आधी तो नीट मांडून बघा. आणि तुमच्या सिनॉप्सिसमधलं प्रत्येक मोठं विधान बॉनेट उघडून तपासा: हे चूक असेल तर कशावरून कळेल? उत्तर सापडत नसेल, तर ते विधान अजून "डॉक्टरांची गाडी" आहे. गाइडने बॉनेट उघडण्याआधी तुम्हीच उघडा.