बालपरवेशी

युद्धात कामी आलेल्या शिपायाच्या किंवा सरदाराच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी मराठी राज्यात दिली जाणारी नेमणूक. ही संज्ञा संगोपन या अर्थाच्या ‘परवरिश’ या फार्सी शब्दावरून आली आहे. आजच्या कुटुंब निवृत्तिवेतनाशी तिचे साम्य असले, तरी दोहोंचा पाया भिन्न आहे.

या धोरणाचा उल्लेख सभासद बखरीत आढळतो. अफझलखानावरील विजयानंतर (१६५९) लढाईत पडलेल्यांच्या मुलांना शिवाजी महाराजांनी चाकरीत चालविले व निपुत्रिक विधवांना अर्धे वेतन लावून दिले, असे सभासद सांगतो. पेशवाईत अशी नेमणूक रोख रकमेच्या किंवा इनाम जमिनीच्या स्वरूपात होत असे. आपल्यामागे मुले उघडी पडणार नाहीत, ही खात्री शिपायाला मिळत असे. तथापि ही नेमणूक म्हणजे धन्याची कृपा होती. मुलाला कायद्याने मागता येईल असा तो हक्क नव्हता.

स्वतंत्र भारतात केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १ जानेवारी १९६४ पासून कुटुंब निवृत्तिवेतन योजना लागू झाली. कारखाने व अन्य आस्थापनांतील कामगारांसाठी १९७१ मध्ये स्वतंत्र योजना आली. तिची जागा १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेने घेतली. या योजनेत एका वेळी दोन अपत्यांना, प्रत्येकी विधवेच्या वेतनाच्या २५ टक्के आणि दोन्ही पालक गमावलेल्या अपत्यांना प्रत्येकी ७५ टक्के, असे वेतन वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत देण्याची तरतूद करण्यात आली. निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात (१९८२) स्पष्ट केले.

हा हक्क मात्र मृत पालकाच्या नोकरीतून उत्पन्न होतो. शेतमजूर, बांधकाम मजूर किंवा घरकामगार यांच्या मुलांपाशी बहुधा असा आधार नसतो. महाराष्ट्रात १९८० मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अनाथ मुलांचा समावेश करण्यात आला; परंतु ते गरजेवर आधारलेले साहाय्य होय. त्यामुळे गरज सारखीच असूनही मुलाला मिळणारा आधार पालकाच्या नोकरीच्या स्वरूपानुसार बदलतो. बालपरवेशीचा लाभ रणात पडलेल्यांच्या मुलांपुरता होता. आधुनिक व्यवस्थेने त्याची कक्षा पुष्कळ वाढविली, पण ती सर्व मुलांपर्यंत पोहोचलेली नाही.