पटाला जाणारी माणसे

सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झाली, दोन-तीन वेच्यांचा माल अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात पोहोचून सावकाराचे देणे आणि सरकारचा सारा यांची कशीबशी तोंडमिळवणी झाली, आणि गहू-हरभरा शेतात उभा असल्यामुळे बैलांच्या मानेवरचे जू चार दिवस उतरले, म्हणजे वऱ्हाडात पटाचे, अर्थात बैलजोड्यांच्या शर्यतींचे, दिवस येतात. पौषात कोठेतरी पहिली दवंडी पिटली जाते आणि महाशिवरात्र उलटेपर्यंत एका गावचा पट संपला की दुसऱ्या गावचा उभा राहतो. मुलकी दफ्तराने या प्रांताची जमाबंदी जपली, पीकपाणी जपले, गुरांची खानेसुमारीही जपली. परंतु कोणत्या सालच्या शंकरपटात कोणाची जोडी पळाली आणि कोणाची ऐन वेळी बिथरली, हे जपले ते केवळ पाहणाऱ्यांनी. म्हणून या खेळाचा इतिहास म्हणजे बव्हंशी त्याच्या प्रेक्षकांच्या स्मृतीचा इतिहास होय, आणि तो त्यांच्याच बाजूने सांगितला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

या प्रेक्षकाची घडण कापसाच्या व्यापाराने केली. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचे मोल आले. 1867 मध्ये लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला भिडला आणि 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करण्यास आले. पुढे 1897 च्या कायद्याने कापसाच्या बाजारांना नियमांची चौकट मिळाली. पण आगगाडी स्थानकापर्यंतच. शेतापासून बाजारापर्यंतची वाट बंडीनेच तुडवायची होती, आणि ज्याचे बैल ताकदीचे व चपळ त्याचा माल वेळेवर बाजारात लागत असे. पूर्वेकडील गवळाऊ जातीचे हलके, चपळ, पांढरे बैल आणि वऱ्हाडचे स्वतःचे उमरडा बैल यांची पारख हे त्या काळी शौकाचे नव्हे, प्रपंचाचे ज्ञान होते. सरकीची ढेप घरच्याच कापसाच्या व्यवहारातून आलेली, ज्वारीचा कडबा घरचा. अशा खुराकावर पोसलेली जोडी चार गावांच्या देखत पळवावी, ही इच्छा कास्तकाराला झाली नसती तरच नवल. देशमुख-पाटलांनी इनाम लावले, गावाने जागा दिली, आणि ज्यांच्या गोठ्यात पळणारा बैल कधी बांधला जाणार नव्हता अशा सालदारांना व लहान कुळांनाही, बैल हाकण्यात आयुष्य गेल्यामुळे, या खेळातले मर्म धन्याइतकेच कळत असे. पटाच्या गर्दीत मत देण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर कधीच अवलंबून नव्हता.

पटाला जाणे हा एक संपूर्ण दिवसाचा विधी होता. पहाटेच्या थंडीत रेंगीत कुटार पसरून त्यावर सतरंजी अंथरली जाई; भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा आणि गुळाचा खडा धडप्यात बांधून घेतला जाई; म्हातारी माणसे दमणीत, तरणी पोरे पायी, असा लवाजमा गाडीवाटेने निघे. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी पटावर पोहोचताच थेट शर्यतीच्या जागेकडे कधी जात नसत. प्रथम झाडांच्या सावलीला बांधलेल्या जोड्या पाहायच्या. बैलाच्या पाठीवर हात फिरवायचा, वशिंड चाचपायचे, खूर उचलून पाहायचे, शेपटीचा गोंडा कोठवर पोहोचतो ते न्याहाळायचे, आणि मग धन्याशी 'कुठल्या बाजारचा?' येथून सुरू होऊन बैलाच्या आईच्या दुधापर्यंत जाणारे संभाषण करायचे. ही पाहणी झाल्यावाचून शर्यत पाहणे हा त्यांच्या लेखी अडाणीपणा होता.

मग ती धाव. सरळ, नांगरून-वखरून मऊ केलेल्या पट्टीच्या एका टोकाला जोडी हलक्या छकडीला जुंपलेली. दोन माणसे वेसणीला धरून उभी, बैलांच्या अंगावरची कातडी नुसती थरथरते आहे, आणि हाकणारा धुरकरी छकडीवर अर्धवट ओणवा. खूण होते, वेसण सुटते, आणि पुढची काही सेकंदे धुळीचा एक लोट सरकताना दिसतो. भंडारा-गोंदियाकडे दोन जोड्या शेजारी-शेजारी पळवण्याची रीत आहे; अमरावतीकडे जोडी बहुधा एकटी पळते आणि निकाल पंचांच्या हातातील घड्याळ देते. पण घड्याळाचा आकडा पुकारला जाण्यापूर्वीच दोन्ही कडांना उभ्या असलेल्या माणसांनी तो आपल्या डोळ्यांनी ठरवलेला असे. 'भल्ली पयली रे जोडी, बाप्पा!' असा एक उद्गार या टोकाला निघे आणि तो उमटत-उमटत त्या टोकाला पोहोचे. कोणी म्हणे, उजव्या बैलाने ओढून नेली, डावा नुसता सोबतीला होता. कोणी म्हणे, धुरकऱ्याने कासरा लवकर सोडला. हा वाद परतीच्या वाटेवर, दुसऱ्या दिवशी पारावर आणि पुढल्या वर्षीच्या पटापर्यंत चाले. कारण पुढल्या वर्षीची जोडी कशाशी ताडून पाहायची, तर या वर्षीच्या आठवणीशी.

खेळ पाहणाऱ्यांची अशी परंपरा अन्यत्रही आढळते. 1911 च्या 29 जुलैस मोहन बागानच्या फुटबॉल संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, तो दिवस कोलकात्यातील कुटुंबांत आजोबांकडून नातवाकडे वडिलोपार्जित ठेवीप्रमाणे आला. आपल्या कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर कोणत्या बाजूला बसायचे हे तेथील मुलाला पेठेवरून आपोआप कळते. वऱ्हाडचा पटशौकीन याच कुळातला. भेद इतकाच, की त्याची निष्ठा संघाशी नसून जातिवंत जनावराशी असे, आणि शेजारच्या गावची, नव्हे वैऱ्याच्या गोठ्यातली जोडी उत्तम पळाली तर तिलाही तो मोकळ्या मनाने दाद देई. हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

अमरावती शहराने या रसिकतेला आणखी एक अंगण दिले, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. 1914 मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान आखाड्याचे पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले, आणि 1936 मध्ये त्याच मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतू, मल्लखांब इत्यादी देशी खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांपुढे करून दाखवली. ज्या मातीतल्या खेळांना पारावरचे म्हातारे दाद देत होते तेच खेळ बर्लिनच्या मैदानावर गेले, ही वार्ता वऱ्हाडातील प्रेक्षकाला आपल्याच पारखीचा गौरव वाटली असल्यास त्यात काहीही वावगे नव्हते.

या कौतुकाबरोबर एक कडू गोष्टही मांडणे मला कर्तव्य वाटते. पटात क्रौर्य शिरले होते. तुतारीची, म्हणजे हाकण्याच्या काठीची, आर टोचणे, शेपटी पिरगाळणे असले प्रकार काही धुरकरी करीत आणि गर्दी ते खपवून घेई. ज्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी लहानपणी मामाची गुरे राखली आणि पुढे यात्राजत्रांतील पशुहत्येविरुद्ध जन्मभर कीर्तने केली, त्या वऱ्हाडाला या बाबतीत बाहेरच्याने शिकवण्याची वेळ यावी, ही खेदाची गोष्ट होय. 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेने खेळ-प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश झाला आणि 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतींनाही मनाई केली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली तरी वाट मोकळी झाली नाही. 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

मनाई आणि परवानगी यांच्यामधली ती सात-साडेसात वर्षे प्रेक्षकांनी कशी काढली, हे पटाच्या इतिहासातील मला सर्वांत हृद्य वाटणारे प्रकरण आहे. पळणारे बैल पोसणे परवडेना म्हणून कित्येकांनी जोड्या मोडल्या. गोठ्याच्या जागी ट्रॅक्टर उभा राहिला. पोरांनी पट पाहिलाच नाही. तरीही पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या आणि झडत्या म्हणून झाल्या की जुनी माणसे एका बाजूला जमत, समोरच्या बैलांची बांधणी पाहत आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या जोडीची धाव अथपासून इतिपर्यंत सांगत. नातवंडे ऐकत. खेळ बंद होता, त्याची पारख मात्र चालू होती. आणि म्हणूनच परवानगी आल्यावर एकाच मोसमात पट पुन्हा भरू शकले. पारख जाणणारी माणसेच उरली नसती, तर न्यायालयाच्या निर्णयाने मैदान तेवढे मिळाले असते.

आता पटासाठी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, पशुवैद्यक बैल तपासतो, तुतारी आणि चाबूक वर्ज्य आहेत. जोड्या टेम्पोतून येतात आणि पाहणारे मोटारसायकलवरून. धामणगाव रेल्वे तालुक्यातील तळेगाव दशासरचा पट या भागात सर्वांत नावाजलेला. तेथे महिलांचाही शंकरपट होतो आणि पदर खोचून कासरा धरलेल्या बायका जोडी हाकतात. कधी काळी दमणीच्या पडद्याआडून पट पाहणाऱ्या आज्यांच्या या नाती. गर्दीत बसलेल्या म्हाताऱ्या बाया आता मोठ्याने मत देतात, डावा बैल मागे राहतो आहे हे धुरकरिणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, आणि धाव संपल्यावर ती उतरून त्यांच्यापाशी येते तेव्हा कासरा कोठे ढिला सोडायला हवा होता, हे तिला हाताने खूण करून दाखवतात.