ड्यूररची प्रवासवही

प्रवासाला निघतांना खर्चाचा अंदाज सारेच करतात. परत आल्यावर हिशेब प्रामाणिकपणें तपासणारे थोडे. न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर हा त्या थोड्यांपैकीं होता.

सम्राट माक्सिमिलियन यानें १५१५ सालीं त्याला वर्षाकाठीं १०० गुल्डनांची नेमणूक बांधून दिली होती. १५१९ त सम्राट वारला आणि नगरसभेनें ती रक्कम थांबविली. सम्राटाचा नातू पांचवा चार्ल्स याजकडून सनद नवी करून घेण्यासाठीं १२ जुलै १५२० रोजीं पत्नी व दासी यांसह तो अँटवर्पकडे निघाला.

भांडवल म्हणून बरोबर स्वतःच्या छापील चित्रांचे गठ्ठे होते. बांबेर्गच्या बिशपला त्यानें मेरीचें चित्र नजर केलें. बदल्यांत जकातमाफीचें पत्र मिळालें. माइन व ऱ्हाइन नद्यांवरील अनेक नाक्यांवर तें दाखवून तो फुकट सुटला. अँटवर्पला तो खानावळवाल्याबरोबर जेवी. पत्नी व दासी वरच्या स्वयंपाकघरांत जेवत. नावभाडें, बक्षिसी, खेळांत हरलेलीं किरकोळ नाणींही त्यानें वहींत टिपलीं आहेत.

नोव्हेंबरांत सनद मिळाली. डिसेंबरांत झीलंडच्या किनाऱ्यास लागलेला देवमासा पाहावयास तो धांवला. पण तो पोंचण्यापूर्वींच समुद्रानें मासा परत नेला होता. १५२१ च्या जुलैंत परततांना १०० गुल्डन उसने घ्यावे लागले. म्हणजे नेमकी एका वर्षाची नेमणूक! नेदरलंड्समधील सर्व व्यवहारांत आपणांस तोटाच आला, असें त्यानें नमूद केलें आहे.

मात्र ब्रुसेल्स येथें मेक्सिकोहून आलेला सुवर्णसूर्य व इतर वस्तू पाहून झाला तितका आनंद आयुष्यांत कधीं झाला नाहीं, असेंही तोच लिहितो. हा आनंद जमेस धरावयाचा कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें.