नाकापासून नितंबापर्यंत : शरीर घडवणाऱ्या शस्त्रक्रियेची वाट

आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांनी नाक मुरडले असेल. साहित्य मंडळाच्या व्याख्यानात हा कसला विषय, असेही कुणी म्हणेल. पण कॉस्मेटिक क्लिनिकांच्या जाहिराती आता मोबाइलवरून थेट माजघरात येतात आणि घरातल्या मुली-सुना त्या वाचतात. पोटाची चरबी काढून ती नितंबांत आणि मांड्यांच्या बाजूंना भरायची, म्हणजे कमरेखालचा बांधा हवा तसा होतो, असा हा प्रकार. या विद्येच्या इतिहासातले एक मोठे पान पुण्यात लिहिले गेले आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

१७९२ साली टिपूशी चाललेली लढाई संपली. पेशवे तेव्हा इंग्रजांचे दोस्त होते. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या फौजा श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत होत्या. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडण्यात आले. इंग्रजांनी त्याचे नाव ‘कावसजी’ असे लिहिले आहे. नाव पारशी आणि माणूस मराठा, हा लिहून घेणाऱ्याच्या कानाचा दोष असावा असे मला वाटते. नाक कापणे म्हणजे अब्रू घेणे, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. वर्षाहून अधिक काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस विटा पाडणाऱ्या जातीचा, म्हणजे आपल्याकडचा कुंभार. त्याचे नाव त्या वृत्तांतात नाही.

क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सगळी हकीकत छापून आली. कुंभाराने मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर ठेवून त्याला नाकाचा आकार दिला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोलून खाली वळवली. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मधली एक बारीक पट्टी त्याने कापली नाही. जोडावर पाण्यात मऊ केलेला काथ लावलेल्या कापडाचे पाच-सहा थर दिले. चार दिवसांनी ते काढून तुपात भिजवलेली कापडे ठेवली. ती पट्टी कापली सुमारे पंचविसाव्या दिवशी.

या क्रियेतली सगळी खुबी त्या पट्टीत आहे. हलवलेल्या कातडीला नव्या जागी रक्त मिळू लागेपर्यंत जुन्या जागेचे रक्त तिच्यातून येत राहते. ही पट्टी पहिल्याच दिवशी कापली असती, तर नाक काळे पडून गळाले असते. रक्ताभिसरणाचे पुस्तकी ज्ञान त्या कुंभाराला असण्याची गरज नव्हती. किती दिवस थांबायचे हे त्याला माहीत होते. लंडनमध्ये कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली याच रीतीने नाक केले, आणि युरोपात ती ‘भारतीय पद्धत’ म्हणून रूढ झाली.

पहिल्या महायुद्धात तोफांनी चेहरे उडालेल्या हजारो शिपायांसाठी हॅरॉल्ड गिलीज यांनी ही विद्या पुष्कळ पुढे नेली. हेच गिलीज १९५७ साली नागपुरात आले आणि भारतीय प्लॅस्टिक सर्जनांच्या संघटनेचा आरंभ तिथे झाला. पुढच्याच वर्षी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी या शास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा केला. आपल्या बेल्लमपल्लीवरून जाणारी काझीपेट–बल्लारशाची गाडी पुढे त्याच नागपूरला जाते. मुंबईचे डॉ. नोशीर अंटिया हे गिलीज यांचे शिष्य. पुण्याजवळ कोंढव्याला त्यांनी कुष्ठरोग्यांची बसलेली नाके उभी केली. तोवर हे काम गेलेले परत देण्याचे होते.

चरबीची कथा वेगळी आहे. जर्मन शल्यविशारद नॉयबर यांनी १८९३ साली दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या खोल व्रणात भरली. तुकडे लहान असतील तरच ते टिकतात, असे त्यांच्या ध्यानात आले. कारण चरबीला कुंभाराने राखलेली पट्टी नसते. ती मूळ जागेपासून पूर्ण तुटलेली असते, आणि आजूबाजूच्या मांसाने रक्त पुरवले तरच जगते. मोठ्या गोळ्याच्या मध्यापर्यंत रक्त पोचत नाही. तो भाग मरतो, विरघळतो किंवा त्याच्या गाठी होतात. म्हणून भरलेल्या चरबीचा बराच वाटा काही महिन्यांत नाहीसा होतो. हे जाहिरातीत लिहिलेले नसते.

पॅरिसच्या इल्लूझ यांनी १९७० नंतरच्या दशकात नळीने चरबी ओढण्याची लिपोसक्शन ही रीत रुळवली. मग काढलेली चरबी टाकायची कशाला, हा विचार ओघानेच आला. न्यूयॉर्कच्या कोलमन यांनी ती बारीक रेषांत भरण्याची शिस्त घालून दिली. ब्राझीलचे पितांगी १९६० नंतर मांड्यांची सैल कातडी व चरबी कापून बांधा सुधारत असत. भरण्याची रीत पुढची असली तरी ‘ब्राझिलियन’ हे नाव तिला चिकटले.

इथे जीवाशी गाठ आहे. नितंबाला भरीव करायचे तर चरबी पुष्कळ लागते, आणि कातडीखाली तेवढी मावत नाही. स्नायूत रक्त भरपूर, तिथे चरबी चांगली जगेल, म्हणून सुई स्नायूत घालण्याची चाल पडली. पण त्या स्नायूच्या आत व खाली मोठ्या शिरा आहेत. शीर फाटली की चरबी तिच्यातून हृदयात आणि तिथून फुफ्फुसांत जाते, आणि रोगी कधी कधी टेबलावरच दगावतो. सर्जनांच्या २०१७ च्या जागतिक पाहणीत ३,००० शस्त्रक्रियांमागे साधारण एक मृत्यू आढळला. दिसण्यासाठी केलेल्या दुसऱ्या कोणत्याही शस्त्रक्रियेत एवढा धोका क्वचितच असेल. मेलेल्यांची शवविच्छेदने तपासली तेव्हा सर्वांच्या स्नायूंत चरबी सापडली. केवळ कातडीखाली भरलेला एकही त्यांत नव्हता. २०१८ साली ब्रिटनच्या सौंदर्यशल्य संघटनेने आपल्या सभासदांना ही शस्त्रक्रिया थांबवायला सांगितले. सुई स्नायूच्या वरच ठेवायची असा दंडक झाल्यावर पुढच्या पाहणीत मृत्यू १५,००० मागे एक इतके खाली आले. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २०२२ साली सुईचे टोक सोनोग्राफीवर पाहत राहण्याची सक्ती झाली, आणि एका सर्जनने दिवसाला अशा तीनच शस्त्रक्रिया कराव्यात अशी मर्यादा तेव्हा घातली गेली.

हौस वाईट असे मी म्हणणार नाही. आपल्या आज्यांनी नाक-कान टोचले, अंगभर गोंदवून घेतले, तेही दिसण्यासाठीच. पण घरातली मुलगी हा बेत घेऊन आली, तर तिला रागावण्याआधी तिच्याबरोबर डॉक्टरकडे जावे. ते प्लॅस्टिक सर्जरीची पदवी घेतलेले आहेत का? सुई कुठल्या थरात जाणार, आणि ती पडद्यावर दिसत राहणार का? भूल देणारे डॉक्टर आणि अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहेत का? दिवसातली ही कितवी शस्त्रक्रिया? पुण्याच्या कुंभाराने एका नाकासाठी पंचवीस दिवस वाट पाहिली होती.