भोपाळ ते जेद्दा : प्रवासभाड्याचा इतिहास

दूरच्या विमानप्रवासाचे भाडे वाढले की लोक तेलाच्या किमतीकडे बोट दाखवितात. तेल महागले की भाडे चढते, हे खरेच. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. जवळजवळ सारख्याच अंतरासाठी एका शहरातील माणसाला कमी व दुसऱ्या शहरातील माणसाला जास्त पैसे का पडतात, ह्याचा उलगडा तेलाच्या भावावरून होत नाही. त्यासाठी इतिहासाकडेच वळावे लागते, आणि समुद्रापासून दूर वसलेल्या भोपाळचा इतिहास ह्या बाबतीत मोठा बोधप्रद आहे.

१८६३ सालच्या नोव्हेंबरात भोपाळच्या राज्यकर्त्या सिकंदर बेगम हजयात्रेस निघाल्या. बरोबर मातोश्री कुदसिया बेगम आणि शेकडो माणसांचा लवाजमा होता. भोपाळला तेव्हा रेल्वे पोहोचली नव्हती. मुंबईस येऊन, तेथून जहाजाने ही मंडळी १८६४ च्या जानेवारीत जेद्दा बंदरी उतरली. बेगमसाहेबांनी ह्या यात्रेचा वृत्तांत लिहून ठेवला असून त्याचे इंग्रजी भाषांतर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. जकातीच्या अधिकाऱ्यांनी घेतलेली सामानाची झडती, पदोपदी होणारी पैशाची मागणी, ह्यांविषयीची त्यांची नाराजी त्यात स्पष्ट दिसते. राज्याच्या धनी असलेल्या बाईंनाही परमुलखात, दुसरा मार्ग नसल्यामुळे, मागितले ते द्यावे लागले. मग सामान्य यात्रेकरूची काय कथा?

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटींची संख्या वाढली, आणि पुढे शाहजहान बेगमांच्या काळात भोपाळही लोहमार्गाने जोडले गेले. गरीब माणसालाही हज आवाक्यात आल्यासारखा वाटू लागला. परंतु मुंबईच्या धक्क्यावर त्याची गाठ दलालांशी पडे. जहाजात दाटीवाटीने माणसे भरली जात. कित्येकांजवळ केवळ जाण्यापुरते भाडे असे. परतीचे पैसे नसल्याने ते जेद्दा येथे अडकून पडत. ही अव्यवस्था मोडण्यासाठी सरकारने १८८६ साली टॉमस कुक कंपनीकडे यात्रेकरूंच्या वाहतुकीची व्यवस्था सोपविली, पण दुखणे बरे झाले नाही. अखेर १९२५ च्या कायद्याने परतीचे तिकीट अथवा तेवढी अनामत रक्कम आधीच घेण्याचे बंधन आले. भोपाळच्या बेगमांनी मात्र ह्या प्रश्नाची दुसरी बाजू ओळखली होती. आपल्या प्रजेसाठी त्यांनी मक्का व मदिना येथे रुबात, म्हणजे यात्रेकरूंची विश्रामगृहे, उभारली. भाडे त्यांच्या हाती नव्हते, पण निवाऱ्याचा खर्च वाचविणे त्यांच्या हाती होते.

भाडे खरोखर उतरले ते १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, आणि त्यास एक मराठी मुलखातील माणूस कारण झाला. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांच्या सिंदिया कंपनीने ‘अल मदिना’ व ‘अल हिंद’ ही जहाजे हजयात्रेसाठी आणली. तोवर ह्या मार्गावर ब्रिटिशांच्या हाती असलेल्या मोगल लाइनचे वर्चस्व होते. दोन्ही कंपन्यांनी चढाओढीने भाडे इतके उतरविले की शेवटी सरकारला मध्यस्थी करावी लागली. समुद्र तोच, अंतर तेच, कोळसाही तोच. फक्त गिऱ्हाइकासमोर एकाऐवजी दोन दुकाने उघडली होती. पुढे युद्ध आले, १९४४ साली दोन्ही जहाजे नष्ट झाली, आणि ती चढाओढ इतिहासजमा झाली.

ह्यानंतर विमानांचे युग आले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. लंडनचे भाडे १,७२० रुपये होते. १९४५ साली स्थापन झालेल्या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत कंपन्या एकत्र बसून भाडी ठरवीत, त्यामुळे प्रवाशाला भाव करावयास जागाच नव्हती. १९७३ च्या तेलसंकटाने भाडी आणखी चढली. त्या सुमारास हजच्या विमानभाड्यास सरकारी अनुदान मिळू लागले, आणि १९९५ नंतर मुंबईहून हजची जहाजे जाणे बंद झाले.

अनुदान दिसावयास यात्रेकरूचे, पण जाई ते विमान कंपनीच्या गल्ल्यात. २०११ साली प्रत्येक यात्रेकरूकडून भाड्यापोटी १६,००० रुपये घेतले गेले व सरकारने सुमारे ३८,८०० रुपये भरले. मे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना देसाई ह्यांनी हे अनुदान दहा वर्षांत क्रमाक्रमाने बंद करून तो पैसा समाजाच्या शिक्षणाकडे वळवावा, असा निर्णय दिला. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने ते पूर्णपणे थांबविले.

त्यानंतर खरे भाडे उघडे पडले. हजचे विमान यात्रेकरूंना सोडून बहुतेक रिकामेच परत येते, आणि त्यांना आणावयास पुन्हा रिकामेच जाते. दोन खेपांचे उत्पन्न व चार खेपांचा खर्च, असा हा व्यवहार आहे. त्यात भोपाळसारख्या ठिकाणी प्रवासी थोडे व कंपन्याही मोजक्या; मुंबईत दोन्ही भरपूर. म्हणूनच भोपाळच्या यात्रेकरूला पुष्कळदा घराजवळच्या विमानतळाऐवजी मुंबईची वाट सोयीची वाटते. सिकंदर बेगमांनाही मुंबईसच यावे लागले होते!

हज करणारा बहुधा आयुष्यात एकदाच जातो. पण मुलानातवंडांना भेटण्यासाठी अमेरिकेस अथवा आखातात वरचेवर जाणाऱ्या भोपाळच्या मराठी कुटुंबांची स्थिती तरी कोठे निराळी आहे? शाळेच्या सुट्ट्या व दिवाळी ह्यांच्या तारखा त्यांना बदलता येत नाहीत, आणि हे तिकीट विकणाऱ्यास चांगले ठाऊक असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा भारतीय कंपन्यांना पश्चिमेकडे जाताना लांबचा वळसा घ्यावा लागला. त्या वळशाचा भारही अखेर प्रवाशापर्यंत पोहोचल्यावाचून राहत नाही.

अनुदानाने भाड्याचा बोजा केवळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला. तो हलका झाला चढाओढीने. भोपाळकरांना स्वस्त प्रवास हवा असेल, तर त्यांनी सवलतीपेक्षा आपल्या शहरासाठी दुसरी, तिसरी विमानसेवा मागावी, हेच ह्या इतिहासाचे सांगणे आहे.