बेट्टा की गोल्डफिश? पालघर-बोईसरच्या घरात कोणता मासा सांभाळायला सोपा?

मुलांनी पाळीव प्राण्याचा हट्ट धरलेला असतो. घरमालकाला कुत्रा-मांजर चालत नाही. मग घरात ठरतं, 'मासा आणू, त्याचं काही करावं लागत नाही.' दुकानात गेलं की दोन पर्याय हमखास पुढे येतात. एक म्हणजे छोट्या प्लॅस्टिकच्या डब्यात एकटा बसलेला, लांब पंखांचा 'फायटर', म्हणजेच बेट्टा. दुसरा म्हणजे टाकीत घोळक्याने फिरणारी केशरी गोल्डफिश.

पालघर आणि बोईसरच्या मध्ये असलेल्या कोळगावात २०२१ मध्ये जिल्ह्याचं मुख्यालय सुरू झालं. त्यामुळे या पट्ट्यात बदली होऊन आलेले सरकारी कर्मचारी आहेत, तारापूर एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारी कुटुंबं आहेत आणि भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहणारेही भरपूर आहेत. अशा घरात यातला कोणता मासा खरंच सोपा पडतो, ते समजून घेऊया.

थोडक्यात उत्तर

जागा कमी, वेळ कमी आणि पहिलाच अनुभव असेल, तर २० लिटरच्या टाकीत एक बेट्टा. १०० लिटरच्या वरची टाकी, चांगला फिल्टर आणि दहा-पंधरा वर्षांची तयारी असेल, तर गोल्डफिश. आणि काचेच्या गोल बाऊलमध्ये ठेवायचा विचार असेल, तर दोन्ही नको.

गोल्डफिश 'सोपी' का वाटते?

ती स्वस्त मिळते, सिनेमात आणि कार्टूनमध्ये कायम बाऊलमध्ये दिसते आणि वास्तूसाठी म्हणूनही आणली जाते. दुकानात ती जेमतेम दोन इंचांची असते. पण ते तिचं पिल्लूपण असतं.

गोल्डफिश ही कार्प कुळातली, म्हणजे आपल्या रोहू-कटलाची नातेवाईक. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून तिला तळ्यांमध्ये पाळत आले आहेत. गुबगुबीत शरीराच्या ओरंडा, ब्लॅक मूर अशा जाती नीट वाढल्या तर सहा-आठ इंचांच्या होतात. सरळ शरीराची कॉमेट फूटभरही होऊ शकते. आयुष्य दहा-पंधरा वर्षं सहज असतं. ब्रिटनमधली 'टिश' नावाची गोल्डफिश तर ४३ वर्षं जगली आणि १९९९ मध्ये गेली. म्हणजे पहिलीतल्या मुलासाठी आणलेली गोल्डफिश त्याच्या कॉलेजपर्यंत सोबत असायला हवी. आपल्याकडे ती पंधरा दिवसांत जाते आणि 'माशांचं काय, जगले तर जगले' म्हणून विषय संपतो.

मग मासे मरतात कशाने?

बहुतेक वेळा अमोनियाने. मासा श्वासातून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया सोडतो. उरलेलं खाद्य कुजूनही तोच तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं, तरी माशाचे कल्ले भाजत असतात.

जुन्या टाकीत जिवाणू हे काम सांभाळतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि मग नायट्राइटचं तुलनेने कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर वस्ती करतात. नव्या टाकीत ती वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आज टाकी, आजच मासा असं केलं की पहिल्या आठवड्यांत सगळा अमोनिया पाण्यातच साठतो.

इथे गोल्डफिशची बाजू पडते. ती सतत खाते, सतत घाण करते आणि आकाराने मोठी होते. चार-पाच लिटरच्या बाऊलमध्ये तिचं पाणी एका दिवसात बिघडू शकतं. रोम शहराने २००५ मध्ये गोल बाऊलमध्ये मासे ठेवण्यावर बंदीच घातली.

पालघरची हवा कोणाला मानवते?

दुकानात सहसा न सांगितला जाणारा मुद्दा हा आहे. गोल्डफिश थंड पाण्यातली. तिला १८ ते २४ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. बेट्टा मूळचा थायलंड आणि आसपासच्या प्रदेशातला, भातखाचरं आणि उथळ पाणथळ जागांमधला. त्याला २४ ते २८ अंश लागतं.

आता एप्रिल-मे मधलं आपलं किनारपट्टीचं हवामान आठवा. पंख्याखालच्या खोलीतही पाणी ३० अंशांच्या आसपास जातं. त्यातून दोन गोष्टी होतात. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. शिवाय पाणी २० वरून ३० अंशांवर गेलं, की एकूण अमोनिया तेवढाच असला तरी त्यातला विषारी भाग जवळपास दुप्पट होतो. कमी पाण्यातल्या गोल्डफिशला हे दोन्ही फटके एकदम बसतात.

बेट्टाकडे मात्र एक जादा सोय आहे. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर 'लॅबिरिंथ' नावाचा अवयव असतो. पृष्ठभागावर येऊन तो थेट हवेतला ऑक्सिजन घेतो. आपल्याकडचे मरळ आणि मागूरही आपापल्या पद्धतीने हवा घेऊन कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तग धरतात. त्यामुळे पावसाळ्यात दोन-तीन तास वीज गेली आणि पंप बंद पडला, तर बेट्टाला सहसा फरक पडत नाही. गर्दीच्या टाकीतल्या गोल्डफिश मात्र वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

पण हवा घेता येते म्हणून बेट्टा घाण पाण्यात जगतो, असं नाही. अमोनिया त्यालाही तितकाच जाळतो. दुकानातला डबा ही विक्रीची सोय आहे. नर एकमेकांशी भांडतात म्हणून त्यांना वेगळं ठेवतात. ते त्याचं घर नव्हे.

टाकी किती मोठी हवी?

टाकीची लांबी, रुंदी आणि उंची इंचात मोजा, गुणाकार करा आणि ६१ ने भागा. उत्तर लिटरमध्ये येईल.

- १२ × १२ × १२ इंच: सुमारे २८ लिटर. एका बेट्टासाठी छान.
- २४ × १२ × १२ इंच: सुमारे ५६ लिटर. गोल्डफिशसाठी हीच टाकी सर्रास विकली जाते, पण वाढलेल्या जोडीला ती अपुरी पडते.
- ३६ × १५ × १५ इंच: सुमारे १३२ लिटर. गुबगुबीत जातीच्या दोन गोल्डफिशना पुरेल.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. १३२ लिटरची टाकी काच आणि खड्यांसकट दीडशे किलोच्या घरात जाते. तिला मजबूत लोखंडी स्टँड लागतो आणि बदली झाली की ती हलवणं हे वेगळंच काम होतं. बेट्टाची टाकी रिकामी करून मांडीवर घेऊन जाता येते.

बेट्टासाठी आठवड्याचं काम किती?

- खाद्य: दिवसातून दोनदा, दोन-तीन दाणे. बेट्टा मांसाहारी आहे, त्याला त्याचंच खाद्य द्या. पाव किंवा भात नको.
- पाणी: आठवड्यातून एकदा पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. सगळं पाणी एकदम कधीच बदलू नका.
- फिल्टर: साधा स्पंज फिल्टर, हळू प्रवाहावर. लांब पंखांमुळे बेट्टाला जोरदार प्रवाहात पोहता येत नाही. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर जिवाणू मरतात.
- झाकण: हवंच. बेट्टा उडी मारतो. झाकणाखाली थोडी हवेची जागा सोडा.
- थंडी: डिसेंबर-जानेवारीत किंवा एसीच्या खोलीत पाणी २४ अंशांखाली गेलं, तर बेट्टा सुस्तावतो. तेवढ्यापुरता छोटा हीटर लावा.

गोल्डफिशच्या मोठ्या टाकीतही कामं हीच असतात, पण दर आठवड्याला ४० ते ५० लिटर पाणी बादल्यांनी काढायचं आणि भरायचं असतं. उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येत असेल, तर याचा आधीच विचार करा.

कोणतं पाणी वापरायचं?

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ल्यांना आणि जिवाणूंना, दोघांनाही मारतं. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलं की साधं क्लोरीन उडून जातं. पण पावसाळ्यात टाक्या आणि विहिरींमध्ये टीसीएल पावडरचा डोस वाढतो, तेव्हा अँटी-क्लोरीनचे थेंब वापरणंच बरं. नुसतं आरओचं पाणी नको, त्यात माशाला लागणारे क्षार उरत नाहीत. बोअरवेलचं पाणी खारट लागत असेल, तर तेही टाळा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दोघांना एकत्र ठेवता येईल? नाही. तापमान वेगळं, खाणं वेगळं, आणि गोल्डफिश बेट्टाचे लांब पंख कुरतडू शकते.

बेट्टा एकटा पडतो का? नाही. नर स्वतःची जागा राखून राहतो. टाकीत झाडं आणि लपायला एखादं मडकं ठेवा. त्याला चिडवण्यासाठी सतत आरसा दाखवू नका.

गणपतीला गावी जायचं असेल तर? निरोगी मोठा बेट्टा तीन-चार दिवस उपाशी राहू शकतो. त्याहून जास्त दिवस जायचं असेल, तर रोजच्या दाण्यांच्या पुड्या करून शेजाऱ्यांकडे द्या. डबा दिला तर मायेपोटी जास्त खाद्य पडतं आणि पाणी बिघडतं.

बेट्टा किती जगतो? नीट ठेवला तर साधारण तीन वर्षं, कधी थोडा जास्त.

सांभाळणं जमलं नाही तर? दुकानात परत विचारा किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाला द्या. 'बिचारा मोकळा राहील' म्हणून तलावात, विहिरीत किंवा सूर्या नदीत सोडू नका. अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्न्सव्हिल शहरात २०२१ मध्ये तलावातून फूटभर लांबीच्या गोल्डफिश निघाल्या, तेव्हा प्रशासनाला लोकांना असंच आवाहन करावं लागलं होतं. त्या तळ ढवळून पाणी गढूळ करतात आणि स्थानिक माशांचं अन्न खातात.

मासा आणण्याआधी टाकी आणा, फिल्टर चालू करा आणि किमान महिनाभर थांबा. त्या काळात रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा, म्हणजे जिवाणूंची वस्ती तयार होईल. अमोनिया तपासायचं किट मिळालं तर उत्तमच. त्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की मासा आणायला हरकत नाही. मुलांना हा महिना लांब वाटेल, पण आणलेला मासा जगण्याची शक्यता त्यानेच सगळ्यात जास्त वाढते.